उगवतीची शेळी मावळतीला

धंद्यातली पहिली वीस वर्षं आबासाहेब भापकरांनी सगळे अँटेना एकाच दिशेला लावले. सिंहगडाकडे. बारामतीत टीव्ही दिसायचा तो तिथल्या ट्रान्समीटरमुळे, आणि तोही गच्चीवर उंच नळी, नळीवर आठ-दहा दांड्यांचा अँटेना आणि खाली बूस्टर असेल तरच. आबासाहेब नळी धरून इंचाइंचाने फिरवायचे. खाली दारात उभं असलेलं कुणीतरी ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ मग ते नळी बोटभर मागे घ्यायचे आणि नट आवळायचे.

ते मूळचे लोणी भापकरचे. दहावीनंतर आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स, मग बारामतीत भिगवण चौकाजवळ दुकान. रंगीत टीव्ही आला, केबल आली, डिश आली. डिशच्या काळात निम्मं गिऱ्हाईक गेलं, मोबाइलच्या काळात उरलेलं. दुकानात आता सीसीटीव्ही कॅमेरे विकले जातात आणि ते काम मुलगा बघतो. आबासाहेब बासष्ट वर्षांचे आहेत. अजूनही रस्त्याने जाताना ते लोकांच्या गच्च्यांकडे बघत चालतात. त्यांच्या पत्नी चंद्राबाई म्हणतात, “ह्यांचं ध्यान जमिनीवर कधी नव्हतंच.”

दीड वर्षापूर्वी वैदेही बोकील त्यांच्या दुकानात आली. ती बारामतीतल्या वकिलांची मुलगी, पुण्यात वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत इंजिनिअर. इंदापूर तालुक्यात कळसच्या माळावर संस्थेने एका लांडग्याच्या मादीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा घातला होता. पट्टा साधा, सेकंदाला एकदा टिक करणारा. ती टिक कुठल्या दिशेने येते ते दिवसरात्र टिपणारं केंद्र उभं करायचं होतं, आणि त्यासाठी उंचावर चढणारा आणि सोल्डरिंग नीट करणारा माणूस हवा होता.

“लांडग्याचा अँटेना?” आबासाहेबांनी विचारलं होतं. “फिरवणार कोण रात्रभर?”

“फिरवायचा नाही, आबा. चार लावायचे आणि चारही स्थिर.”

ही गोष्ट त्यांना पटायला आठवडा लागला. वैदेहीने दिलेली पेटी म्हणजे एक रेडिओच, पण स्टेशन लावणं, खरखर काढणं ही रेडिओची बरीचशी कामं त्यात प्रोग्राम करतो. पेटीला चार तोंडं आणि प्रत्येक तोंडाला एका अँटेनाची वायर. टिक ज्या बाजूने येते त्या बाजूच्या अँटेनाला ती आधी पोचते, समोरच्याला नंतर. फरक सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावा लागेल इतका लहान. तो मोजून प्रोग्राम दिशा काढतो. अट एवढीच, की कुठल्या तोंडाला कुठला अँटेना आहे हे प्रोग्रामला बरोबर ठाऊक पाहिजे.

आबासाहेबांनी मीटरभर उंचीच्या चार दांड्या तयार केल्या. चारही वायरी एकाच लांबीच्या कापल्या, कारण एक जरी वीतभर लांब झाली तरी हिशेब चुकतो. संगणकाच्या सूचना त्यांनी वहीत मराठी अक्षरांत उतरवून घेतल्या. कळसच्या शिवारात एक वापरात नसलेली पाण्याची टाकी आहे, छत्तीस पायऱ्यांची. तिच्या छतावर बारा फुटी खांब रोवला, त्यावर आडव्या नळ्यांची फुली बांधली आणि फुलीच्या चार टोकांना चार दांड्या. पेटीही वरच, खांबाच्या बुडाशी, स्वतःच्या सिमकार्डाने पुण्याशी जोडलेली. नोव्हेंबरात केंद्र सुरू झालं.

अँटेनांना क्रमांक देण्याचं कामही त्यांचंच. उत्तरेच्या नळीवर त्यांनी मार्करने ‘उ’ लिहिलं आणि तिथल्या दांडीला लाल टेपचा एक पट्टा बांधला. मग खांबाला उजवीकडे ठेवून फिरत दुसरीला दोन पट्टे, तिसरीला तीन, चौथीला चार. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. देवळात जसे फिरतात तसे. वैदेहीने पाठवलेल्या आकृतीत वर्तुळावर एक बाण होता आणि तो उलट्या दिशेने जात होता. आबासाहेबांनी आकृतीतून ‘एक नंबर उत्तरेला’ एवढं घेतलं. पुढचं त्यांच्या पायांना माहीत होतं.

खबरदारी म्हणून वैदेहीने फोटो मागवला. आबासाहेब खांबाखाली उताणे झोपले आणि त्यांनी वर मोबाइल धरून फोटो काढला. खालून वर बघताना घड्याळाच्या काट्यांची दिशा उलटी दिसते. वैदेहीच्या पडद्यावर ‘उ’ वर होता, दोन पट्टे डावीकडे, चार उजवीकडे. अगदी तिच्या आकृतीसारखं. तिने उत्तर पाठवलं, ‘परफेक्ट, आबा.’

त्यानंतर चाचणी. आबासाहेब रेडिओचा एक जादा पट्टा मोटारसायकलच्या आरशाला बांधून टाकीपासून दोन किलोमीटर उत्तरेला गेले, मग दक्षिणेला. टाकीजवळून जाणारा डांबरी रस्ता उत्तर-दक्षिण आहे. दोन्ही वेळा वैदेहीच्या पडद्यावरची, दिशा दाखवणारी सुई बरोबर फिरली. पूर्वेला डाळिंबाच्या बागा, पश्चिमेला दगडधोंड्यांचा माळ. तिकडे मोटारसायकल जात नव्हती, आणि जाण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

केंद्र दिशा बरोबर दाखवतं, अशा प्रमाणपत्रावर आबासाहेबांनी सही केली.

जानेवारीत टाकीच्या पूर्वेला, तीन किलोमीटरवरच्या तळेवस्तीवर शेळ्या मरायला लागल्या. तीन आठवड्यांत पाच. वस्तीवरची माणसं ढोबळी मिरची आणि डाळिंब पिकवणारी. घरटी चार-पाच शेळ्या. पाचांतल्या तीन शेळ्या सारजाबाईंच्या. वनरक्षक संदेश खारतोडेने पंचनामे केले आणि केंद्राच्या नोंदी मागवल्या. पाचपैकी चार रात्री सुई पूर्वेकडे होती. त्या बाजूला वस्ती एकच. पाचव्या रात्री ती पश्चिमेला, माळाकडे होती, पण चार मिळाल्यावर पाचव्या रात्रीची चर्चा कुणी केली नाही.

लोकांची मागणी सरळ होती: पट्टेवाली मादी पकडा आणि लांब नेऊन सोडा. संदेश तिशीतला, कामात नीट. त्याला माहीत होतं की माळावर तिची चार पिल्लं आहेत, अजून अंगावर पिणारी. मादी उचलली तर ती जगणार नाहीत. पण चार नोंदी आणि खाली सही असलेला कागद समोर असताना प्रस्ताव न पाठवायला कारण नव्हतं. परवानगीसाठी फाइल शुक्रवारी वर जायची होती.

मंगळवारी वस्तीवरच्या चिंचेखाली बैठक झाली. आबासाहेबांनाही बोलावलं होतं. सगळे एका बाजूला होते आणि सारजाबाई एकट्या दुसऱ्या बाजूला.

“कुत्री हायत ती,” त्या म्हणाल्या. “रस्त्याकडची मोकाट. पहिल्या चार शेळ्या जागच्या जागी फाडल्या, खाल्ल्या बी न्हाईत. दोन येळा मी सोता बॅटरी मारली. सहा कुत्री. लांडगा असं करतो व्हय?”

“सारजाकाकू, लांडगा म्हणाल्या असतात तर भरपाई तरी मिळाली असती,” कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

“कुत्र्याची भरपाई मिळत न्हाय म्हणून कुत्र्याचा लांडगा करू का?”

“पण मशीन सांगतंय ना, काकू,” संदेश म्हणाला.

“काय सांगतंय? दुसरी शेळी मेली त्याच दिवशी, दिवस बुडताना, ती पट्टेवाली मी मावळतीच्या माळाला बघितली. सरपण आणाय गेलते. पहाटं पुन्हा तिथंच. रातीत इकडं येऊन शेळी फाडून परत गेली काय? आन पिल्लं कुणाजवळ ठिवली, तुमच्याजवळ?”

संदेशने मोबाइलवर नोंद काढली. त्या संध्याकाळी सहा वाजता सुई पूर्वेला होती. पहाटेही पूर्वेला.

आता सगळे आबासाहेबांकडे बघायला लागले.

“बाई, तुमची नजर चुकली आसंल,” आबासाहेब म्हणाले. “मशीन खोटं बोलत न्हाय.”

“मग मी बोलते का?”

“तसं न्हाय म्हणत मी.”

“मग कसं म्हणताय? एक कोण तरी खोटं हाय. तुमच्याकडं तो पट्टा हाय न्हवं, जादाचा? माझ्या शेळीच्या गळ्यात बांधा. मी शेळी घिऊन हितं उगवतीला बसते. बघू तुमचं मशीन काय म्हणतंय.”

लोक पुन्हा हसले, पण संदेश हसला नाही. आबासाहेबांनी पिशवीतून पट्टा काढून दिला. त्यांना खात्री होती. चाळीस वर्षांत त्यांचा अँटेना चुकीच्या दिशेला लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते टाकीखालच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले. संदेश शेजारी. सारजाबाईंची शेळी तळेवस्तीवर, दावणीला, गळ्यात पट्टा. वैदेही पुण्याहून फोनवर. आबासाहेबांनी वहीतली सूचना अक्षर-अक्षर बघून टाइप केली आणि पट्ट्याची फ्रिक्वेन्सी लावली. सुई दोनदा थरथरली आणि पश्चिमेला जाऊन थांबली.

संदेशने फोन लावला. “काकू, शेळी कुठंय?”

“माझ्यापुढं हाय. कडबा खातीय.”

“नक्की?”

“आरं, तुला तिचा आवाज ऐकवू का?” त्यांनी ऐकवला.

आबासाहेबांनी वहीचं कोरं पान घेतलं, त्यावर फुली काढली आणि टोकांना एक, दोन, तीन, चार लिहिले. मग वैदेहीची आकृती मोबाइलवर उघडून शेजारी ठेवली. पहिल्यांदाच त्यांनी बाणाकडे पाहिलं. उत्तर जागेवर, दक्षिण जागेवर. दोन आणि चार अदलाबदल. त्यामुळे रस्त्यावरची चाचणी बरोबर आली होती, आणि तेव्हापासून पूर्वेचं सगळं पश्चिमेला आणि पश्चिमेचं पूर्वेला लिहिलं जात होतं. तीन महिने.

“ताई,” ते फोनवर म्हणाले, “माझी चूक हाय. मी नंबर प्रदक्षिणेनं दिलेत. तुमच्यात उलटे हायत.”

“पण मी फोटो बघितला होता ना, आबा.”

“तो मी खालनं काढला.”

वैदेहीच्या तोंडून इंग्रजीत काहीतरी निघालं. मग फोनची रेंज गेली. ती त्या खोलीत नेहमीच जाते.

पुढचे दोन तास वाया गेले, आणि त्याचं कारण दोघांचा कामसूपणा. आबासाहेब लगेच टाकीवर चढले. पेटीच्या दुसऱ्या आणि चौथ्या तोंडाच्या वायरी काढल्या, एकमेकींच्या जागी लावल्या, हाताने आवळून पुन्हा पान्याने आवळल्या आणि खाली आले. सुई अजून पश्चिमेलाच. ते पुन्हा चढले, जोड तपासले, उतरले. पश्चिमच. शेळी हलली नाही ना, हे तिसऱ्यांदा बघायला संदेश मोटारसायकलवर वस्तीवर गेला तेव्हा सारजाबाई चिडल्या. “तिला ऊन लागतंय. तुमचं एकदाचं काय ते ठरवा.”

एक वाजता रेंज आली. वैदेहीचा आवाज थकलेला होता. “आबा, मला कळत नाहीये. तुम्ही सांगितलंत ते मान्य, पण दुरुस्त करूनही सुई तिथंच आहे.”

आबासाहेबांच्या हातात पाना होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. “ताई, तुमी काय दुरुस्त केलं?”

“सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ. अँटेनांचा क्रम एक-दोन-तीन-चार होता, तो एक-चार-तीन-दोन केला.”

“किती वाजता?”

“साडेअकरा.”

“मी अकरा चाळीसला वायरी बदलल्या.”

दोन्ही दुरुस्त्यांनी एकमेकींना खोडलं होतं, हे समजायला संदेशला अर्धं मिनिट लागलं. मग तो दाराबाहेर जाऊन हसला.

आबासाहेबांचं म्हणणं होतं, आता वायरी बरोबर लागल्यात, तर फाइलमधली ओळ पूर्ववत करा. जोडणी सरळ असावी, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. वैदेहीने ऐकलं नाही. “आबा, तीन महिन्यांच्या जुन्या नोंदी पहिल्या वायरींवर घेतलेल्या आहेत. वायरी होत्या तशा ठेवल्या आणि ओळ बदलली तर जुनं आणि नवं एकाच नियमाने वाचता येईल. वायरी बदलल्या तर आजच्या आधीचं वेगळं, नंतरचं वेगळं. उद्या मी नसेन, तुम्ही नसाल, तिसराच कोणीतरी हे उघडेल आणि आपल्यासारखाच फसेल.”

“म्हणजे वर चुकीचं तसंच ठेवायचं.”

“चुकीचं नाही. वेगळं. आणि ते लिहून ठेवायचं.”

आबासाहेब पाना उचलून छत्तीस पायऱ्या तिसऱ्यांदा चढले. वायरी होत्या तशा लावल्या. खाली आले तेव्हा सुई पूर्वेला होती, शेळीवर.

पण त्या दिवशी त्यांनी नव्या कागदावर सही केली नाही. संदेशला शुक्रवारच्या आत कागद हवा होता. “आबा, आता बरोबर आहे ना? मग करा की.”

“मागच्या खेपेला बी बरोबरच होतं,” आबासाहेब म्हणाले. “दोन दिशांना.”

गुरुवारी सकाळी सारजाबाई पट्टा बांधलेली शेळी घेऊन टाकीभोवती फिरल्या. पूर्वेला डाळिंबाच्या बागांतून, दक्षिणेला रस्त्याने, पश्चिमेला माळावर, उत्तरेला कॅनॉलपर्यंत. प्रत्येक ठिकाणी थांबून त्यांनी फोन केला. माळावरून त्यांचा फोन आला तेव्हा आबासाहेबांनी सुईची दिशा सांगायच्या आधी विचारलं, “बाई, आता कुठं हाय तुमी?”

“तुमीच सांगा की. तुमाला दिसतंय न्हवं?”

“मावळतीला.”

“व्हय. आन पायात काटा गेलाय, ते दिसतंय का?”

सकाळचे चार तास गेले. नोंदवहीत ‘चाचणीचे साधन’ या रकान्यात आबासाहेबांनी लिहिलं: एक शेळी, सारजाबाईंची. त्याखाली एक पानभर निवेदन. त्यात त्यांनी बाण न बघितल्याचं, क्रमांक स्वतःच्या सवयीने दिल्याचं आणि पूर्व-पश्चिमेची चाचणी न केल्याचं लिहिलं. वैदेहीने फोनवर सांगितलं होतं की फोटो तिने तपासला होता, तेव्हा ‘चूक दोघांची’ असं लिहा. ते त्यांनी लिहिलं नाही. ‘फोटो खालून काढला’ एवढं मात्र स्वतःच्या नावापुढे घातलं. शेवटी सही, तारीख आणि कंसात ‘जुने प्रमाणपत्र रद्द समजावे’.

दुपारी वैदेहीने जुन्या नोंदी नव्या ओळीने पुन्हा चालवल्या. पाच रात्रींचा निकाल आला. पहिल्या चार रात्री मादी पश्चिमेला, माळावर. पाचव्या रात्री पूर्वेला.

संदेशने तो कागद दोनदा वाचला. पाचव्या रात्रीचा पंचनामा त्याने स्वतः केला होता. इतर चार शेळ्या फाडून टाकलेल्या मिळाल्या होत्या. पाचवी मिळालीच नव्हती. नुसता रक्ताचा माग, बांधापर्यंत. मादीने एक शेळी नेली होती. एका शेळीसाठी कुणी लांडगा पकडून नेत नाही. पकडण्याचा प्रस्ताव त्याने फाइलमधून काढला. त्याच्या जागी वस्तीवर जाळीचे बंदिस्त गोठे आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त यांसाठी दोन पत्रं लावली. शुक्रवारी फाइल गेली ती अशी.

फाइल जाण्याआधी तो आणि आबासाहेब तळेवस्तीवर गेले. सारजाबाई मिरचीच्या वाफ्यात होत्या. पाचवी शेळी त्यांचीच होती. संदेशने भरपाईचा फॉर्म पुढे केला.

“काकू, ह्या एकीचं लांडगा म्हणून लिहावं लागंल.”

“का? कुत्रीच हायत म्हणलं न्हवं मी?”

“चार कुत्र्यांनी. ही एक तिनं नेली.”

“मी ते बघितलं न्हाय. जे बघितलं न्हाय ते कसं लिहू?”

“मशीननं बघितलंय.”

सारजाबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि आबासाहेबांकडे पाहिलं. “आता खरं बोलतंय का ते?”

“चारी दिशांना बोलतंय.”

त्यांनी पदराला हात पुसले. “मग लिहा,” त्या म्हणाल्या, आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे करणाऱ्या संदेशच्या खिशातलं पेन काढून घेऊन त्यांनी सही केली.